खांद्याच्या फऱ्याजवळची गाठ: तपासणीपासून टाके काढेपर्यंत

पाठीवरची गाठ स्वतःला दिसत नाही. अंघोळीच्या वेळी पाठ चोळणाऱ्याच्या हाताला ती लागते, नाहीतर फवारणीच्या पंपाचा पट्टा एकाच जागी घासू लागतो तेव्हा कळते. त्यामुळे खांद्याच्या फऱ्याजवळ (काही गावांत याला खवाटा म्हणतात) गाठ सापडते तेव्हा ती बहुधा काही महिन्यांची, कधी काही वर्षांची जुनी असते. यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, पण सगळ्या नाहीत. कोणती साधी हे ठरवायचे तर ती कुठल्या थरात आहे हे आधी कळावे लागते, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

फऱ्यावर बोट ठेवले तर त्याखाली क्रमाने हे थर येतात: कातडी, चरबी, पाठीचा पसरट स्नायू, फऱ्याला चिकटलेले स्नायू, फऱ्याचे हाड, हाडाखालचे स्नायू आणि शेवटी बरगड्या. पहिल्या दोन थरांतली लहान गाठ तालुक्याला निघू शकते. स्नायूत किंवा त्याखाली असलेल्या गाठीला मात्र चित्रतपासणी झाल्याशिवाय चाकू लावू नये. पुढचा सगळा लेख या एका फरकावर उभा आहे.

घरी किंवा उपकेंद्रात करायची तपासणी

हे काम आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा घरातले कोणीही करू शकते. सदरा किंवा पोलके काढून माणसाला दाराच्या उजेडात, पाठ तुमच्याकडे करून स्टुलावर बसवा. बाईची तपासणी असेल तर सोबत दुसरी बाई असू द्या. उजेड एका बाजूने पडला पाहिजे. समोरून पडलेल्या उजेडात उंचवटा कळत नाही.

आधी हात न लावता पाहा. दोन्ही फरे सारखे दिसतात का? गाठीवरच्या कातडीत काळा ठिपका आहे का? लाली, फुगलेल्या शिरा, जुना वण? मग तळहाताची मागची बाजू गाठीवर आणि शेजारच्या कातडीवर आळीपाळीने ठेवून ऊब पाहा. त्यानंतर शिंप्याच्या टेपने लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा. टेप नसेल तर अंदाज असा: सुपारी साधारण अडीच सेंमी, लिंबू चार सेंमी, कोंबडीचे अंडे लांबीत पाच सेंमीच्या थोडे वर. पेनाने कडा आखून, शेजारी पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढा. पुढच्या महिन्यात तसाच, त्याच अंतरावरून काढा. “वाढली असेल, लक्ष नाही” या उत्तराने डॉक्टरच्या हाती काही लागत नाही. दोन तारखांचे दोन फोटो खूप काही सांगतात.

आता गाठ हाताने तपासा. तिच्यावरची कातडी चिमटीत उचलून पाहा. कातडी मोकळी उचलली गेली, गाठ मऊ लागली आणि कडेवर बोट दाबताच ती बोटाखालून निसटली, तर ती बहुधा चरबीची गाठ म्हणजे लायपोमा. कातडी गाठीला चिकटलेली असेल आणि मधोमध काळा ठिपका असेल, तर ती कातडीखालची पिशवी म्हणजे एपिडर्मॉइड सिस्ट. या पिशवीतून दुर्गंधी येणारा दह्यासारखा पांढरा लगदा येतो. तो दाबून काढत बसण्यात अर्थ नाही, कारण पिशवीची भिंत आत आहे तोवर ती पुन्हा भरणारच.

यानंतरची पायरी दवाखान्यातही पुष्कळदा गाळली जाते. माणसाला दोन्ही हात कमरेवर ठेवून जोराने आत दाबायला सांगा. मग खांदे कानाकडे उचलायला सांगा. मग तळहाताने भिंत ढकलायला सांगा. प्रत्येक वेळी गाठीवर बोट ठेवा. स्नायू ताठ झाला तरी गाठ तशीच सरकत असेल आणि जास्त उठून दिसत असेल, तर ती स्नायूच्या वर आहे. स्नायू ताठ होताच गाठ घट्ट बसून हलेनाशी झाली, तर ती स्नायूत किंवा त्याला चिकटलेली आहे. ती दडून गेली, तर ती स्नायूखाली आहे. भिंत ढकलताना एका बाजूचा फरा पंखासारखा बाहेर आला, तर तिथल्या चेतातंतूवर परिणाम झालेला असू शकतो. हे कागदावर लिहून पाठवा.

शेवटी दोन्ही हात समोरून नेऊन विरुद्ध खांद्यांवर ठेवायला सांगा आणि पुढे वाकवा. फरा बाहेर सरकतो आणि त्याच्या खालच्या टोकामागे लपलेली गाठ उघडी पडते. हात खाली सोडले की ती पुन्हा गायब होते. पन्नाशीपुढच्या, बहुधा बाईच्या पाठीत, फऱ्याच्या खालच्या टोकाशी अशी गाठ दिसली आणि हात फिरवताना कटकट आवाज येत असेल, तर इलॅस्टोफायब्रोमा मनात धरा. जार्वी आणि सॅक्सेन यांनी १९६१ मध्ये हिचे पहिले वर्णन केले. ही गाठ खरी अर्बुद नसून तंतुमय ऊतीची साचलेली गादी आहे, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. एका बाजूला सापडली तर दुसरी बाजूही पाहा, कारण ती पुष्कळदा दोन्हीकडे असते. बाईला एवढेच ठाऊक असते की कापूस वेचणीच्या दिवसांत फऱ्याखाली काहीतरी अडकते. हात खाली सोडून तपासले तर डॉक्टरलाही काही सापडत नाही आणि तिला नुसत्या वेदनाशामक गोळ्या मिळत राहतात.

काखेत गाठी आहेत का हेही चाचपा. अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे डाग आणि जागोजागी मऊ गाठी असतील, तर ते डाग मोजा. वयात आलेल्या माणसात १५ मिमीपेक्षा मोठे सहा किंवा अधिक डाग असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराची शंका घ्यावी लागते. गाठीवर टिचकी मारल्यावर हातात मुंग्यांची लहर गेली, तर गाठ चेतातंतूची, म्हणजे श्वानोमा, असू शकते. तिच्यात सुई घालण्याची घाई नको.

साधी वाटणारी, पण साधी नसलेली

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर माणसाला मोठ्या दवाखान्यात पाठवा: गाठ पाच सेंमीपेक्षा मोठी, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढलेली, स्नायूत किंवा त्याखाली, कडक आणि हलत नाही, रात्री ठणकते, एकदा काढून पुन्हा आलेली. यातून सार्कोमा (स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचा कर्करोग) निघेलच असे नाही, बहुतेकदा निघतही नाही. पण सार्कोमाला सुरुवातीला दुखणे नसते आणि “दुखत नाही म्हणजे काही नाही” या समजापायी वर्ष वाया जाते. लहान मुलाच्या पाठीवरची खोल किंवा वाढती गाठ, आकार कितीही असो, थेट मोठ्या रुग्णालयात दाखवा.

थंड गळू वेगळे सांगायला हवे. बरगडीच्या किंवा मणक्याच्या क्षयाचा पू फऱ्याजवळ येऊन साठतो. ऊब नाही, लाली नाही, दाबले की लिबलिबीत लागते. लायपोमा समजून चिरा दिला तर जखम महिनोन्‌महिने वाहते. सोबत खोकला, संध्याकाळची कणकण, वजन घटणे, घरात पूर्वी क्षय झालेले कोणी, यातले काही असेल तर चिरा देऊ नका. सोनोग्राफी करा. पू काढायचाच तर जाड सुईने, बाजूच्या निरोगी कातडीतून तिरके जाऊन काढा, म्हणजे वाहणारे छिद्र राहत नाही. तो पू सीबीनॅट या क्षयजंतू ओळखणाऱ्या तपासणीसाठी पाठवा. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

आपल्या विदर्भातली आणखी एक गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट या पट्ट्यात तो पुष्कळ आहे. सिकलच्या रुग्णाचा खांदा दुखतो तो अनेकदा दंडाच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे. त्याच पाठीवर एखादी निरुपद्रवी चरबीची गाठ असते आणि सगळा दोष तिच्यावर जातो. गाठ काढूनही दुखणे राहते. गाठ दाबल्यावर दुखत नसेल पण खांदा वळवताना दुखत असेल, तर खांद्याचा एक्स-रे आधी.

बिब्बा, डागणी, चुना-गूळ यांचा लेप यातले काही लावू नका. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, पुढे त्या जागी पू होतो किंवा जाड वण उठतो. मग पुढची तपासणी आणि टाके दोन्ही कठीण होतात. “लोखंड लागले की गाठीचा कर्करोग होतो” ही भीतीही खरी नाही. शस्त्रक्रियेने साधी गाठ कर्करोगाची होत नाही. जे घडते ते असे: आधीपासून कर्करोगाची असलेली गाठ तपासणी न करता अर्धवट काढली जाते, ती परत येते आणि दोष चाकूला जातो.

कोणती तपासणी, कोणत्या क्रमाने

दोन-तीन सेंमीची, मऊ, सरकणारी, वर्षानुवर्षे तेवढीच राहिलेली लायपोमा असेल तर अनुभवी डॉक्टरच्या हाताच्या तपासणीवर थांबता येते. बाकी सगळ्यांना आधी सोनोग्राफी. तालुक्यातली बहुतेक केंद्रे पोटाच्या तपासणीची असतात. पोटाचा वाकडा प्रोब खोल पाहतो, कातडीजवळचे धूसर दाखवतो. म्हणून जाण्यापूर्वी फोन करून “लिनियर प्रोब आहे का?” एवढे विचारून घ्या. हा सरळ प्रोब असतो आणि त्याची वारंवारता ७ ते १२ मेगाहर्ट्झ किंवा अधिक असते. गाठीवर पेनाने खूण करून पाठवा, कारण पालथे झोपल्यावर ती सापडत नाही. इलॅस्टोफायब्रोमाची शंका असेल तर हात विरुद्ध खांद्यावर ठेवून तपासावे, असे चिठ्ठीतच लिहा.

अहवालात पाच गोष्टी हव्यात: तिन्ही दिशांची मापे, नेमका थर, कडा स्पष्ट आहेत की नाहीत, आत द्रव आहे की घन, आणि डॉप्लरवर रक्तप्रवाह किती. “सॉफ्ट टिश्यू स्वेलिंग, लायपोमाची शक्यता” एवढ्या एका ओळीवर शस्त्रक्रिया ठरवू नका. थर लिहून घ्या.

एक्स-रे स्वस्त आहे आणि तीन प्रश्न सोडवतो. फऱ्याच्या हाडावर कोंब (ऑस्टिओकाँड्रोमा) आहे का, गाठीत चुन्याचे कण आहेत का, छातीत क्षयाच्या खुणा आहेत का. गोल, मण्यासारखे चुन्याचे कण दिसले तर गाठ रक्तवाहिन्यांची असू शकते. अशा गाठीत सुई घालू नये.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. पाच सेंमीपेक्षा मोठी, खोल किंवा शंकास्पद गाठ असेल तर लागतो, आणि तो बायॉप्सीच्या (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याच्या) आधी व्हायला हवा. सुईनंतर झालेल्या रक्तस्रावाने चित्र बिघडते. चरबीच्या गाठीत २ मिमीपेक्षा जाड पडदे किंवा चरबी नसलेले भाग दिसले तर ती साधी लायपोमा धरू नये. इलॅस्टोफायब्रोमात स्नायूसारख्या रंगात चरबीच्या रेघा दिसतात. वय, जागा आणि हे चित्र जुळले तर बायॉप्सीचीही गरज बहुधा पडत नाही.

बायॉप्सी करायची तर १४ किंवा १६ गेजच्या ट्रूकट सुईने, सोनोग्राफीत पाहून करावी. बारीक सुईच्या तपासणीत (एफएनएसी) पेशी मिळतात, पण ऊतीची रचना कळत नाही. म्हणून खोल गाठीत तिच्या “साधी आहे” या उत्तरावर विसंबू नका. सुईची वाट पुढे होणाऱ्या छेदाच्या रेषेतच हवी. गाठ कर्करोगाची निघाली तर तो मार्गही कापून काढावा लागतो. म्हणून बायॉप्सी कोठून घ्यायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने ठरवावे.

कुठे जायचे आणि खर्चाचे काय

वरवरची लहान गाठ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सर्जन असेल त्या दिवशी निघते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या विभागाकडे असल्याने तिथे ही सवलत तशीच लागू होत नाही. शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवा. खोल गाठीसाठी नागपूरचे मेडिकल किंवा मेयो (दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये), सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया यांपैकी जवळचे पाहा. कर्करोगाची दाट शंका असेल तर नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा नागपूरजवळच्या जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत साधी वरवरची गाठ बसेलच असे धरू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा.

वेळ निवडता येत असेल तर तुरीची सवंगणी आटोपल्यावर, फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा उत्तम. मेच्या उन्हात घामाने पट्टी ओली राहते आणि जूनमध्ये पेरणी अंगावर येते. टाके सुकण्याआधी माणूस डवऱ्यामागे उभा राहिला की जखम उसवते. अर्थात, शंकेची गाठ हंगामासाठी थांबवू नका.

काढायची की ठेवायची

न दुखणारी, न वाढणारी, लहान लायपोमा ठेवली तरी चालते. ती औषधाने विरघळत नाही. तशी औषधे विकणाऱ्यांवर पैसे घालवू नका. पंपाचा पट्टा किंवा भारा तिच्यावर घासत असेल, आकार वाढत असेल, निदान पक्के नसेल, तर काढावी. न दुखणारी इलॅस्टोफायब्रोमा काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे: ती खोल असते, काढल्यावर मोठी पोकळी राहते आणि तिथे पाणी साचते. दुखत असेल किंवा हात अडकत असेल तरच, आणि तीही भूल देऊन, पाणी निघण्याची नळी ठेवून. डेस्मॉइड नावाची कडक तंतुमय गाठ शरीरात दूरवर पसरत नाही, पण काढली तरी पुन्हा उगवते. आता तिच्यावर बहुधा आधी लक्ष ठेवले जाते. ती तालुक्याला उघडू नये.

पिकलेली सिस्ट एकदम काढू नये. पू असेल तर चिरा देऊन तो बाहेर काढा, आणि सूज उतरल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ठिपक्यासकट लंबगोल छेद घेऊन पिशवी अखंड काढा. भिंतीचा तुकडाही राहिला तरी सिस्ट परत येते.

वरवरच्या गाठीची शस्त्रक्रिया: वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी

आधी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, कावीळ बी, आणि सिकलची तपासणी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का हे विचारा. हृदयात स्टेंट असेल तर त्या परस्पर बंद करू नका. सिकलच्या रुग्णाला उपाशी आणि तहानलेला ठेवून दुपारपर्यंत बाकावर बसवू नका.

माणूस बसलेला असतानाच गाठीच्या कडा आखा. आडवा झाला की फरा सरकतो, आणि भुलेचे पाणी भरले की गाठ हाताला लागत नाही. मग कुशीवर किंवा पालथे घेऊन त्या बाजूचा हात टेबलाखाली सैल सोडा.

लिग्नोकेनची कमाल मात्रा साधी असेल तर ४.५ मिग्रॅ प्रति किलो, अॅड्रेनलिनसह ७ मिग्रॅ प्रति किलो. ५० किलोच्या माणसाला साधे २ टक्के ११ मिलीपर्यंत, १ टक्का केले तर २२ मिलीपर्यंत. पाठीवर मोठा भाग बधिर करावा लागतो, म्हणून २ टक्के औषध सलाइनने निम्मे पातळ करून गाठीच्या चारी बाजूंनी आणि खालून द्या. प्रत्येक वेळी आधी सिरिंज ओढून रक्त येत नाही ना पाहा, आणि पाच ते दहा मिनिटे थांबा. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, तोंडात धातूची चव, बरळणे यातले काही जाणवले तर तिथेच थांबा. ऑक्सिजन, सलाइनची शीर आणि झटक्यावरचे औषध तयार असल्याशिवाय सुरुवातच करू नये.

छेद कातडीच्या ताणरेषेत, गाठीच्या लांबीच्या निम्मा पुरतो. हातापायांवरच्या लायपोमासारखी पाठीवरची सहज बाहेर येत नाही; इथली चरबी तंतूंनी बांधलेली असते, तंतू एकेक करून सोडवावे लागतात. नुसते दाबून बाहेर काढण्याच्या प्रयत्नात तुकडे आत राहतात. काढताना गाठ स्नायूच्या आवरणाखाली जाते असे दिसले तर पुढे खणू नका. रक्त थांबवा, टाके घाला, काय दिसले ते लिहून वर पाठवा. मान आणि खांदा यांमधल्या भागात खांदा उचलणारा चेतातंतू जातो. तिथली गाठ ग्रामीण रुग्णालयात काढू नये.

रक्त पूर्ण थांबल्याची खात्री करा. पोकळी ३-० विरघळणाऱ्या धाग्याने खालून बंद करा, कातडीला ३-० नायलॉन, वर दाबपट्टी. स्वच्छ, लहान शस्त्रक्रियेनंतर प्रतिजैविकांची नेहमी गरज नसते.

काढलेली गाठ फेकायची नाही आणि नातेवाइकांच्या हातात पिशवीतूनही द्यायची नाही. रुंद तोंडाच्या बरणीत, गाठीच्या दहापट १० टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवा (बाजारातले फॉर्मलिन एक भाग, पाणी नऊ भाग). स्पिरिट किंवा सलाइनमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा अहवाल बिघडतो. बरणीच्या झाकणावर नव्हे, अंगावर नाव, वय, बाजू आणि जागा लिहा.

नंतरचे दिवस

पहिले ४८ तास पट्टी कोरडी ठेवा. पट्टी रक्ताने भिजून टिपकू लागली किंवा जागा फुगून ताठ झाली तर वाट न पाहता परत या. आठवडाभराने मऊ, न दुखणारी फुगवटी आली तर ते बहुधा साचलेले पाणी. स्वच्छ सुईने काढता येते, कधी दोन-तीनदा काढावे लागते. पाठीची कातडी सतत ताणली जाते, म्हणून टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. सातव्या दिवशी काढले तर जखम उघडते. हात खांद्याच्या उंचीवर नेण्याची हालचाल हळूहळू सुरू करा, नाहीतर खांदा आखडतो. सोळा लिटरचा भरलेला पंप, इंधनाचा भारा, पाण्याची घागर चार आठवडे नको. पंपाचा पट्टा नेमका वणावरच बसतो.

वरच्या पाठीवरचा वण रुंद होतो किंवा जाड उठतो. आधीच्या कोणत्याही जखमेचा वण असा उठला असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरला दाखवा.

टाके काढायला येताना लॅबचा अहवाल मागा. तो आला नसेल तर पुढची तारीख कागदावर लिहून घ्या, आणि अहवालाची प्रत घरी जपून ठेवा. अहवालात सार्कोमा किंवा “अनिश्चित” असा शेरा आला तर तिथेच दुसरा छेद घ्यायला होकार देऊ नका. मूळ स्लाइड, मेणाचे ठोकळे, शस्त्रक्रियेची नोंद आणि आधीचे फोटो घेऊन त्याच आठवड्यात कर्करोग रुग्णालय गाठा. ठोकळे तुमच्या मागणीवर लॅबने द्यायचे असतात. पावती घ्या, आणि ते उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळते.